ताजी गाठ

चांदणीच्या पुढच्या पायाच्या नळीवर सुपारीएवढी गाठ आल्ती. घोड्यांचे हकीम करीमचाचा हसनाबादला आमच्या दारी आले. त्यांनी गाठ अंगठ्यानं दाबली, तशी घोडी थरथरली.

"गाठ ताजी हाय. पक्क्या सडकेवर पळवली का हिला?"

ओसरीवर आबा बसले होते. घोडीला चौथं वर्ष लागल्याबिगर टांग्याला जुंपायची न्हाई, असं त्यांनी मला दोनदा बजावलं होतं. आणि परवा ते गावाला गेल्ते, तेव्हा मी तिला जुंपून मेहुण्याच्या टांग्याशी शर्यत लावली होती. थेट जालन्याच्या पक्क्या सडकेवर.

"न्हाई चाचा," मी म्हणालो. "ओढ्यावर दुसऱ्या घोड्यानं लाथ मारली."

"मंग हाडाला मार बसला. डाग द्यावा लागंल." चाचांनी सळई निखाऱ्यात सरकवली. "पळाल्यानं गाठ आली असती तर महिनाभर आराम आन् गार पाण्याच्या पट्ट्या, बस. बराबर आठवा, धर्मराज."

मी आबांकडं पाहिलं.

"लाथच," मी म्हणालो.

सळई लाल झाली. चांदणी चाचांना पाय धरू देईना.

"तुम्हीच धरा. तुमचं ऐकंल ती."

मी तिच्याजवळ वाकलो. शिंगरू असल्यापासून गुळाचा खडा देऊन मीच तिला पाय द्यायला शिकवलं होतं. मी काही बोलायच्या आतच तिनं पाय उचलून माझ्या हातात दिला, आणि गुळासाठी माझा खिसा हुंगायला लागली.