भिंतीपासून वीतभर

तनुजा आंघोळ करून आली तेव्हा कॉम्प्युटरवर हिरवा खण होता.

वीस मिनिटांत सासूबाईंनी, शालनबाईंनी, खंडेनवमीची पूजा उरकली होती. मोशीच्या त्या दोन खोल्यांत जेवढी हत्यारं होती तेवढी पाटावर आली होती. विळी, कात्री, मिक्सरचं भांडं, तनुजाच्या नवऱ्याचे, रणजीतचे पाने. रणजीत स्वतः चाकणला कंपनीच्या पूजेला गेला होता. सीपीयूचा डबा पाटावर मावेना, म्हणून शालनबाईंनी तो जमिनीवरूनच सरकवून कपाट आणि भिंत यांच्या कोपऱ्यात नीट बसवला होता. वरच्या जाळीवर खण, पुढच्या जाळीवर झेंडूची माळ, बाजूच्या काचेवर कुंकवाची बोटं. पुढ्यात निरांजन आणि उदबत्ती.

टेबलावरच्या पडद्यावर दोन आकडे होते. उरलेला वेळ, बावीस मिनिटं. तापमान, चौऱ्याण्णव अंश.

"आत्या, हे कधी केलंत?"

"आत्ताच. आन् आज हत्यार चालवायचं नसतं. बंद कर ते."

"बंद केलं तर एक्केचाळीस तासांचं काम जाईल."

हिंजवडीच्या एका कंपनीने नोकरीसाठी परीक्षा म्हणून एक गणित पाठवलं होतं. ब्रेकची चकती किती तापते आणि वाऱ्याने किती निवते, ते काढायचं. उत्तर दोन वाजेपर्यंत. आता एक वाजला होता. काम मधेमधे साठवून ठेवायची सोय तनुजाने सुरुवातीला केली नव्हती, आणि शंभर अंशांना यंत्र आपणहून बंद पडतं.

तिने खण काढला, घडी करून टेबलावर ठेवला. माळ काढली. पुढच्या जाळीत अडकलेल्या पाकळ्या एकेक करून चिमटीने ओढल्या. त्र्याण्णव झाले. मग पुन्हा चौऱ्याण्णव. पंचाण्णव.

ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून थेट फरशीवर आलं होतं. तिने छताच्या पंख्याच्या बटणाला हात घातला.

"पंखा नको! दिवा जाईल."

तिने हात खाली घेतला. शहाण्णव. ती डबा ओढायला वाकली.

"हलवू नगंस. पूजा झालीया. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की मग हलवायचं."

"आत्या, हाताशी आलेली नोकरी जाईल."

 शालनबाई उदबत्तीकडे बघत होत्या. खळ्यावर धान्य उफणायच्या आधी वारा कुठून येतो ते बघावं, तशा, डोळे बारीक करून.

"हिकडं ये. खाली बस. ह्यो धूर बघ."

तनुजा फरशीवर बसली. उन्हाच्या पट्ट्यात धूर स्वच्छ दिसत होता. तो पुढच्या जाळीतून सरळ आत जात होता. मागच्या पंख्यातून बाहेर पडत होता, भिंतीवर आपटत होता, डब्याच्या कडेने वळून पुढे येत होता आणि पुन्हा त्याच जाळीतून आत शिरत होता. एक्केचाळीस तास ती पडद्यावर ब्रेकभोवतीच्या वाऱ्याचे असेच भोवरे लाल-निळ्या रंगात बघत बसली होती.

"आपलंच उष्टं खातंय बिचारं," शालनबाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या ब्रेकला वारा घालतीस आन् घरातलं मशीन कोंडून ठेवतीस व्हय?"

"कोपऱ्यात कोणी कोंडलं?"

शालनबाईंनी पदर सावरला. पडद्यावर अठ्ठ्याण्णव झाले होते. त्यांनी ताटातल्या चार अक्षता उचलल्या, डब्यावर टाकल्या आणि हात जोडले.

"रागावू नगंस. उद्याचं आजच करते." मग सुनेकडे वळून, "बघतीस काय? धर तिकडनं. वायरी सांभाळ."

दोघींनी मिळून डबा पुढे घेतला. भिंतीपासून वीतभर. जरा तिरका, मागची बाजू खिडकीकडे. काढलेली माळ शालनबाईंनी कपाटाच्या कडीला अडकवली, ती मागच्या पंख्यासमोर आली आणि हलायला लागली.

अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

धूर पुढून आत गेला, मागून निघाला आणि माळेला चाटून खिडकीबाहेर पडला. परत आला नाही.

"सत्त्याण्णव!" शालनबाई ओरडल्या. "अगं, शहाण्णव! उतरलं की!"

त्या खाली बसल्याच नाहीत. प्रत्येक आकडा कबड्डीचे गुण पुकारावेत तसा पुकारत राहिल्या. नव्वदला त्यांनी टाळी वाजवली. अठ्ठ्याऐंशीला वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, "काकू, मॅच कुठल्या चॅनलवर चाललीय?"

"आमच्या घरात!" त्यांनी खिडकीतून सांगितलं.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी उरलेला वेळ शून्य झाला.  तनुजाने उत्तर दोनदा तपासलं, पाठवलं. दोन मिनिटांनी कंपनीकडून एका ओळीची पोच आली. तिने ती मोठ्याने वाचली.

"मिळालं त्यांना?"

"मिळालं."

"मग आता तरी बंद कर. सणाचा दिवस हाय."

तनुजाने यंत्र बंद केलं. पंख्यांचा आवाज खाली खाली येत थांबला. माळ दोनदा हलली आणि स्थिर झाली. निरांजन तेवत होतं.

शालनबाईंनी माळेला हात लावला. झेंडू कोमट होता.

"दमलंय," त्या म्हणाल्या आणि टेबलावरचा खण पुन्हा डब्यावर घातला.

तनुजा डबा कोपऱ्यात सरकवायला वाकली, पूजेत होता तसा. शालनबाईंनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे तिथंच. कामावर लागलीस की रोज वारा लागंल त्याला."