चुकीचा जोड

"बाई, तुमचा संसार म्या मोडला," जगदेव खाली मान घालून म्हणाला.

किन्हीराजाजवळच्या तांड्यावर, भावाच्या ओसरीत जमनाबाई दळत बसली होती. तिनं जातं थांबवलं.

जगदेव तंबूत मुकी चित्रं दाखवायचा. बोलपट अजून कुणी ऐकले नव्हते. त्याच्या कंपनीनं मानोऱ्याच्या जत्रेचं चित्र घेतलं होतं, त्यात जमनाबाईही आली होती. मागच्या साली ऐन खेळात चित्राची पट्टी तुटली आणि या बहाद्दरानं घाईघाईत भलतेच तुकडे चिकटवले. आधी एक फेटेवाला गडी गालात हसतो, लगेच पडदाभर जमनाबाईचा लाजरा चेहरा. झालं! जो तो म्हणे, हा हिलेच पाहून हसला. पंचायत बसली आणि तिच्या नवऱ्यानं, गोविंदसिंगानं, तिला सोडचिठ्ठी दिली.

तेव्हापासून जगदेवाला अन्न गोड लागत नव्हतं. हात यंत्र फिरवायचा आणि मन खात राहायचं. बाईमाणसाची अब्रू गेली ती आपल्यापायी, दुसऱ्या कुणाच्या नाही.

त्यानं झोळीतून पट्टी काढली आणि उजेडाला धरून तिला जोड दाखवला. हा गडी दुसऱ्याच चित्रातला, दूर मुलखातल्या बाजारातला. वऱ्हाडात त्यानं कधी पाऊल टाकलं नाही. तो हसत होता अस्वलाचा खेळ पाहून. पण दोन तुकडे शेजारी आले की पाहणारा मनानंच तिसरी गोष्ट रचतो.

जमनाबाई पट्टीकडे फार वेळ बघत राहिली नाही.

"हे आनखी कोनाले सांगतलं?"

आता कुठं जगदेवाची मान वर झाली. सांगितलं तर! काल तिच्या सासरच्या तांड्यावर जाऊन नायकाला, पंचांना, सगळ्यांना सांगितलं. पंचांनी सोडचिठ्ठी रद्द केली. गोविंदसिंग तर पुरतं ऐकायलाही थांबला नाही, बैल जुंपून मोकळा. त्याच्याच गाडीतून जगदेव आला होता.

"तांड्याच्या तोंडाशी बैल सोडून राह्यले ते. येतीनच आता, तुमाले न्याले."

तिनं दाराकडे पाहिलं. आवाज अगदी खाली आणला.

"पंचाईनं मले इचारलं व्हतं, हा गडी तुहा कोन. भाऊ, म्या त्याले जल्मात पायलं नव्हतं. पन माहा यार हाय मनलं. नवऱ्याच्या हातून जित्ती सुटाले मले दुसरी वाटच नव्हती."