मागची पायरी

चाकांखालचे धोंडे काढा, असं मुकादम दुसऱ्यांदा सांगून गेला, तरी दत्ताराम बसच्या मागच्या दारात बसूनच राहिला. त्याच्या पाठीमागे, कडेच्या बाकाखाली, दिवा जळत होता. दिव्याखाली पीठ पसरलं होतं आणि वर वेताची मोठी टोपली उपडी घातली होती. गेल्या आठवड्यात त्याच बाकावर त्याची आई गेली. दहावा अजून व्हायचा होता.

"पाळणा खोलून टपावर चढवला, भांडी बांधली. आता कसली वाट बघताय?" त्याची बायको सुलक्षणा आतून म्हणाली.

जत्रेजत्रेत लाकडी पाळणा फिरवून पोट भरणारी ही माणसं. महायुद्धानंतर भंगारात निघालेली प्रवासी बस हेच त्यांचं घर. अर्धे बाक काढून तिथे चूल आणि अंथरुणं आली होती. कंडक्टरची घंटा आणि तिची दोरी तेवढी जुनी राहिली होती.

"भटजी म्हणाले, दिवा जागेवरून हलवायचा नाही."

"दिवा बसमध्येच आहे ना? बसबरोबर येईल."

"पण जागा म्हणजे कुठली गं? बस, की ही जमीन?"

 हे भटजींनाही सांगता आलं नसतं. त्यांच्या यजमानांची घरं जागची हलत नव्हती.

दत्ताराम रोज सकाळी टोपली उचलून पीठ पाहायचा. गेलेलं माणूस घरी येऊन गेलं की पिठात काहीतरी उमटतं. चिमणीचं पाऊल, मांजराचं, नाहीतर माणसाचं. आज सकाळीही पीठ पसरलं तसंच सपाट होतं.

"आली नाही अजून," तो म्हणाला. "बाहेरच आहे कुठेतरी. आणि आपण निघून गेलो तर?"

म्हातारी स्वतःच थट्टेने म्हणायची, "मेल्यावर मी खंय येव रे? आज घर हंय, उद्या थंय." तेव्हा सगळे हसायचे. नात उत्तरा तर हसून लोळायची. आता उत्तरा बाकावर पाय सोडून बसली होती आणि टोपलीच्या भोकांतून येणाऱ्या उजेडाकडे बघत होती.

मुकादम काशीराम परत आला. या वेळी त्याच्यामागे कुदळी घेतलेले चौघेजण होते.

"दत्ताराम, भल्या माणसा, शेठ माझी चामडी सोलेल. चाळीचा पाया आज खणायचाय. तुझी बस बरोबर जिन्याच्या जागेवर उभी आहे."

"दहावा होऊ दे, मुकादम."

"मी थांबेन रे, शेठ थांबेल का? मुलुंडहून मानखुर्दला नेला म्हणून दिवा काय विझणार आहे?"

"दिव्याचं नाही हो," दत्ताराम म्हणाला. "तिला दिसत नव्हतं."

काशीरामला त्यातलं काही कळलं नाही. त्याने खांदे उडवले आणि माणसांना खूण केली.

म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एखाद्या गावची वाट पायाला ओळखीची होईपर्यंत गाव बदलायचं. टमरेल घेऊन झाडीत गेली, की परत निघताना ती जागीच उभी राहायची. मग सुलक्षणा बसमधून दोरी दोनदा ओढायची. "इलंय गो, इलंय!" असं ओरडत म्हातारी घंटेच्या आवाजावर चालत यायची. मुक्काम हलवतानाही तसंच. घंटा झाली की ती असेल तिथून यायची, आणि दत्ताराम तिला हात देऊन वर घ्यायचा. ती गेल्यापासून कोणी घंटा वाजवली नव्हती. उत्तराने एकदा दोरीला हात लावला, तर दत्तारामने तिच्या हातावर फटका दिला होता.

पुढच्या चाकापाशी पहिली कुदळ पडली. बसला हादरा बसला. टोपलीतला उजेड थरथरला.

सुलक्षणा उठली. तिने पदराला हात पुसले आणि दोरी ओढली. एकदा, आणि पुन्हा एकदा.

कुदळवाल्यांनी माना वर केल्या. त्यांच्यातला एक हसला.

"काय करतेस हे?" दत्ताराम दचकून म्हणाला.

"निघायच्या आधी काय करते मी? तुम्ही हात द्या. पायरी उंच आहे, त्यांना चढवत नाही."

 दत्ताराम दारात गुडघा टेकून वाकला आणि त्याने हात बाहेर धरला.

उत्तराने कोणी न सांगता तांब्या घेतला आणि पायरीवर पाणी ओतलं. पाय धुतल्याशिवाय आजी कोणाला घरात घेत नसे, स्वतःही येत नसे. पाणी पायरीवरून खाली कोरड्या मातीत टपकू लागलं. उत्तरा परत बाकावर गेली आणि आजीला जायला वाट राहावी म्हणून पाय वर ओढून बसली.

काशीराम पायरीच्या अगदी समोर उभा होता. पुढे आलेला रिकामा तळवा त्याने पाहिला. वळून मागे पाहिलं. मागे मोकळं मैदान होतं. एकटी चिंच होती आणि तिच्याखालून आलेली पायवाट.

तो वाटेतून बाजूला झाला.

दत्तारामचा हात बराच वेळ तसाच राहिला. मग त्याची बोटं हळूहळू मिटली. दंडाची शीर ताठ झाली. दुसऱ्या हाताने त्याने दाराचा दांडा पकडला आणि जड माणसाला वर घेताना रेलावं तसा तो मागे रेलला.

पुढच्या चाकापाशी मघाचा हसणारा पुन्हा कुदळ उचलत होता. काशीरामने तिकडे न बघताच हात वर केला.

"थांब रे," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हातारी चढतेय."