पाहणी

मुलगी जिना चढून घरात शिरली आणि दारातच थबकली. खोलीत सोफा होता. वेताचा, फुगीर गाद्यांचा, समोरच्या काकूंचा. त्याच्यापुढे काकूंचंच काचेचं टीपॉय आणि खिडकीला काकूंचेच पडदे. आईने ठेवणीतले कपडे घातले होते.

"आई, हे काय केलंस?"

"पाहुणे यायचेत ना."

"ते पाहुणे नाहीत. ट्रस्टची माणसं आहेत. आपली परिस्थिती बघायला येतायत."

"म्हणूनच," आई गादी थोपटत म्हणाली. "लोकांनी येऊन बघावी अशी नाहीये ती. तासाभराचा तर प्रश्न आहे. ते गेले की परत नेऊन ठेवू."

पशुवैद्यकीय कॉलेजात तिला जागा मिळाली होती. शिष्यवृत्ती मिळाली तरच ती टिकणार होती. सोफा बाहेर ओढायला तिने त्याच्या कडेला हात घातला, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. तिने हात काढून घेतला.

ट्रस्टच्या मॅडम वयस्कर होत्या. त्यांच्याबरोबर फाइल घेतलेले एक गृहस्थ होते. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसली आणि मॅडमनी तिला मधे बसवून घेतलं. तिला हात ठेवायलाही जागा उरली नाही.

"घर छान ठेवलंय," मॅडम म्हणाल्या. त्यांची नजर पडद्यांवरून फिरली. गृहस्थांनी काहीतरी टिपून घेतलं.

आईने चहा आणला. काकूंचेच कप.

"तुम्ही हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करता?" मॅडमनी तिला विचारलं.

"करते. वेळ जातो."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने पाहिलं नाही.

"अर्जात लिहिलंय की वडिलांची नोकरी सुटल्यापासून घर तुमच्या एकटीवर आहे. फार ओढाताण होते."

"पोरी लिहितात हो काहीबाही," आई हसली. "आमचं व्यवस्थित चाललंय. कुणापुढे हात पसरायची वेळ अजून आली नाही."

गृहस्थांचं पेन थांबलं. ते मुलीकडे बघू लागले. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खरं बोलावं तर आई खोटी पडत होती, गप्प बसावं तर ती स्वतः. आणि समोर आई हातात ट्रे घेऊन ताठ उभी होती.

"आणि वडील?" मॅडमनी विचारलं.

"आत पडलेत. बरं नाही जरा."

पण आतलं दार उघडलं. वडील दाढी करून, भांग पाडून बाहेर आले. आईने त्यांना आतच बसायला सांगितलं होतं. ते एके काळी बस चालवायचे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते, पण घरात त्यांना काठी लागत नसे. या घरात त्यांना सांगितल्याशिवाय कुणी स्टूलसुद्धा हलवत नसे.

"नमस्कार," ते हात पुढे करून म्हणाले. "म्हटलं, पोरीच्या कामाला आलात, तर निदान..."

त्यांची नडगी टीपॉयवर आदळली. कप कलंडले, चहा काचेवर पसरला. वडील वाकले. काचेच्या कडेवरून त्यांनी बोटं फिरवली.

"हे काय आहे?"

"टीपॉय," आई म्हणाली. "आपलंच आहे. नवीन घेतलंय."

वडील क्षणभर वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले.

"हो की," ते म्हणाले. "विसरलोच मी."

आणि नेहमीच्या खुर्चीत बसायला ते डावीकडे वळले. खुर्ची तिथे नव्हती. तिथे सोफ्याचा हात होता आणि त्यावर मॅडमचा.

"बाबा, थांबा," मुलगी म्हणाली.

ते थांबले.

"पुढे सोफा आहे. काकूंचा. टीपॉयपण त्यांचंच. तुमची खुर्ची आज बाहेर गॅलरीत आहे."

ती हे फक्त त्यांना सांगत होती, रोजच्याच आवाजात. पण ऐकलं सगळ्यांनी. आईच्या हातातला ट्रे हळूहळू खाली आला.

मॅडम उठल्या. त्यांनी वडिलांचा हात धरून त्यांना आपल्या जागी बसवलं आणि स्वतः उभ्याने दोनचार प्रश्न विचारले. उत्तरं मुलीने दिली. निघताना त्या आईजवळ थांबल्या.

"काळजी करू नका. काम होईल असं धरून चाला."

आईने मान हलवली. "चहा राहिला तुमचा," एवढंच म्हणाली.

दार लागलं. आईने टीपॉय पुसलं, पडदे काढून त्यांच्या घड्या घातल्या. मग तिने सोफ्याचं एक टोक उचललं. वडील उठले, चाचपत दुसऱ्या टोकाशी गेले आणि वाकले.

"सावकाश," आई म्हणाली. "डावीकडे घ्या. आता सरळ."

मुलगी पुढे झाली. पण दोन्ही टोकं धरलेली होती. तिने दार उघडलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सोफा तिला घासून बाहेर गेला. आई पुढून वाट सांगत होती, वडील मागून चालत होते. तिला कुणी हात लाव म्हणालं नाही.