मूठ आणि पातं

चाकू कापडात गुंडाळलेला होता. कापडावर लाखेचं फुटकं सील आणि शाईने घातलेला एक नंबर. धारवाल्याने नंबर वाचला, मग समोरच्या बाईंकडे पाहिलं. साठीच्या पुढच्या असाव्यात.

“कोर्टातून आलाय,” त्या म्हणाल्या. “मुद्देमाल होता.”

“असल्या वस्तू सहसा परत देत नाहीत.”

“अर्जावर अर्ज केले. पायऱ्या झिजवल्या. या मुठीसाठी.”

वीतभर लांबीचा घडीचा चाकू. पातं गंजून आत रुतून बसलेलं. मूठ मात्र घरी केलेली दिसत होती, काळसर लाकडाची. एक बाजू जाड, दुसरी पातळ. धारवाल्याला हसू आलं.

“कुणी केली?”

“ह्यांनी. कारकून माणूस, जन्मात कधी कानस धरली नव्हती. मोडक्या खाटेचा पाय घेतला आणि तीन आठवडे घासत बसले. आज ही बाजू जाड, उद्या ती जाड. मी म्हटलं, आता पुरे करा, नाहीतर नुसतं पातंच उरेल हातात.” बाई हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही. “थोरल्याला दिला मग. तो नोकरीला लागला तेव्हा.”

धारवाल्याने फटीत तेल सोडलं. थोडं थांबून, चिमटीत धरून, हलवत हलवत पातं बाहेर काढलं. मुळाशी तपकिरी थर होता. त्याने पॉलिश पेपरचा तुकडा फाडला.

“गंज बराच चढलाय.”

“सगळा गंज नाही तो.”

त्याचा हात थांबला.

“थोरल्याने उगारला. धाकट्याने पातंच धरलं मुठीत,” बाई म्हणाल्या. “दोन बोटं कामातून गेली. भांडण कशावरून झालं, ते आता दोघांनाही सांगता यायचं नाही. साक्ष धाकट्याचीच होती. सात वर्षं झाली. थोरला उद्या सुटतोय.”

“मग याचं काय करू?”

“पातं काढून टाका. मूठ तेवढी द्या, ह्यांच्या हातची आहे. पाप पात्याने केलं.”

धारवाल्याने फडक्याला बोटं पुसली.

“ताई, चाळीस वर्षं हेच करतोय. पातं म्हणजे नुसतं लोखंड हो. माणसाचा हात असतो तो मुठीवर.”

बाई स्टुलावर बसल्या. शेजारच्या दुकानात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. तो आवाज मध्येच थांबला.

“मग राहू दे दोन्ही,” त्या म्हणाल्या. “नीट करा. उघडला पाहिजे, मिटला पाहिजे.”

“धार?”

“लावा. बोथट चाकू ठेवून मी कुणाला फसवणार?”

त्याने जुने पितळी खिळे काढले, मुठीच्या दोन्ही फळ्या अलगद बाजूला ठेवल्या. पातं घासलं, धुतलं, पुन्हा घासलं. पाणी तपकिरी झालं, ते दोनदा मोरीत ओतलं. फळ्यांना फक्त तेल चोळलं. जाड बाजू जाडच ठेवली. नवे खिळे ठोकले. शेवटी दगडावर धार लावली आणि कागदाच्या कडेवरून पातं एकदा ओढलं. कागद आवाज न करता दुभंगला.

उघडा चाकू त्याने टेबलावर ठेवला, तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला.

“आई, औषधं आणायला जाते म्हणालीस ना? तासभर शोधतोय.”

बाई उठल्या. पण त्याने टेबलाकडे पाहिलं होतं. तो पुढे आला आणि चाकू उचलला. उजव्या हाताची तीन बोटं मुठीवर मिटली. दोन ताठच राहिली. डाव्या हाताचा अंगठा त्याने हळूच धारेवरून फिरवला.

“धार लावलीस?”

बाईंनी हातातली पिशवी छातीशी धरली.

त्याने चाकू मिटायला घेतला. स्प्रिंग नवी असल्यासारखी घट्ट झाली होती आणि ताठ बोटं मध्ये येत होती. पातं घसरून परत उघडलं.

“द्या, मी मिटतो,” धारवाला म्हणाला.

“असू दे.”

त्याने पात्याची पाठ टेबलाच्या कडेला टेकवली आणि सगळा भार देऊन दाबली. धारवाला श्वास रोखून बघत राहिला. टक् आवाज झाला. मिटलेला चाकू त्याने शर्टाच्या खिशात टाकला आणि आईची पिशवी हातात घेतली.

“किती वाजता सोडणार आहेत?”

“दहाला.”

“बापूंच्या हातचा आहे,” तो म्हणाला. “दादाला मी देतो.”