लाँचचा नमस्कार

सकाळपासून चौथ्यांदा लाँच मंदावली, तसे वेणूकाकूंनी खाडीला हात जोडले. पाण्याखाली आणखी एका गावाचं देऊळ होतं. लाँचवर आता तांडेल नसे. भरती कुठवर चढणार हे आधीच ओळखून ती आपली आपण चालायची. बुडालेल्या देवळाशी इंजिन मंद करायची रीत मात्र ती जुन्या तांडेलांकडूनच शिकली होती.

काकूंचं गाव दिसू लागलं. धक्का अजून लांब होता. टेकाडावरच्या देवळाची पताका फडकत होती. तिथेच लाँच मंदावली.

"हिला काय झालं गो?" शेजारीण हसली. "आपलं देऊळ तर कोरडं ठणठणीत आहे!"

काकूंनी हात जोडले नाहीत. धक्का येताच त्या तिथे उभ्या असलेल्या सुनेला ओरडल्या, "पोरांना घे नि लाँचवर चढ! चूल पेटती असली तर राहू दे तशीच!"