मल्हारअण्णांचा पायगुण

दिव्यांची ओळ पुन्हा मधेच अडकली.

त्रिविक्रमनं स्विच खालीवर करून सुरुवातीच्या आज्ञा परत भरल्या, भोकं पाडलेली कागदी फीत परत लावली, बटण दाबलं. फीत सरकन आत गेली. दिवे दोनचारदा लुकलुकले आणि थिजले. कोपऱ्यातला टेलिप्रिंटर ढिम्म. मशीन नीट सुरू झालं की तो आपणहून आकड्यांचे वर्ग छापायचा. एक, चार, नऊ, सोळा. आज एकसुद्धा नाही.

"बसलं का परत?" दारातून मल्हारअण्णांनी विचारलं. हातात कॉफीचा लोटा, खांद्यावर तेलकट फडकं. त्यांचा लेथचा कारखाना भिंतीला लागूनच, विजेची लाइनही एकच. बसवनगुडीतल्या कॉलेजनं गणिती मशीन बांधायला मागच्या अंगणातली ही खोली दिली, तेव्हापासूनचे शेजारी.

"सकाळी छान चाललं होतं," त्रिविक्रम म्हणाला. "तुम्ही आलात की बसतं. पायगुण आहे तुमचा, अण्णा."

"मग ही कॉफी घे आणि मला हाकलून दे," अण्णा म्हणाले आणि तिथंच चौकटीला टेकून उभे राहिले.

शुक्रवारी दिल्लीचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर मशीन चाललं तर पुढं काम. नाही चाललं तर सगळं सोडवून सुटे भाग दुसऱ्या प्रयोगशाळांना वाटून टाकायचे, असं त्यांनी मागच्या खेपेला तोंडावर सांगितलं होतं. बाकीचे भाग गेले असते तरी त्रिविक्रमनं सोसलं असतं. पण मेमरीची जाळी त्याच्या बायकोनं, क्षमानं, विणली होती. मोहरीपेक्षा बारीक चुंबकी मणी, आणि एकेका मण्यातून केसासारख्या तारा. त्यापायी तिच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. ती जाळी एकदा उसवली की परत कोण विणणार?

म्हणून त्यानं जाळीपासूनच सुरुवात केली. तिचे भाग जागा बदलून लावले. सांधे उकलून परत डाग दिले. फितीचं भोक न् भोक उजेडाला धरून बघितलं. विजेचा दाब त्यानं मशीन जुळवतानाच भर कामाच्या वेळात मोजला होता, तिकडं बघायचं कारण नव्हतं.

मंगळवारी मशीन बसलं ते तीननंतर. बुधवारी भर दुपारी बाराला. अण्णा दोन्ही वेळा दारात हजर. बुधवारी क्षमा हळूच म्हणाली की पंचांगात राहुकाळ बघा, तो अशुभ दीड तास रोज वेगळ्या वेळी येतो.

त्रिविक्रमचं डोकं फिरलं. एम.एस्सी. झालेली बाई हे बोलते, म्हणाला. मण्यांना पंचांग कळतं का, म्हणाला.

"कळतं असं मी कुठं म्हणते?" क्षमानं विचारलं. "जुळतंय, एवढंच म्हणते."

"ती बरोबर बोलते रे," दारातून अण्णा म्हणाले. "राहुकाळातच माझ्याकडच्या पोराचं बोट गेलं. तेव्हापासून त्या वेळात कारखान्यात कुणी कशाला हात लावत नाही."

"म्हणून इथं येऊन माझं डोकं खाता."

"मग कुठं जाऊ?"

गुरुवारी राहुकाळ दीडला लागत होता. त्रिविक्रम हट्टानं एकपासून बसला. एकला मशीन चाललं. दीड वाजून गेला, अण्णा लोटा घेऊन आले, आणि दिवे थिजले. त्यानं परत केलं. परत थिजले. क्षमा जाळीवर वाकून एकेक तार तपासत होती. सकाळभर तिला उजेड पुरत नव्हता, आता कसं स्वच्छ दिसतंय, म्हणाली. तारेत खोट काही सापडली नाही. तीननंतर मशीन शहाण्यासारखं सुरू झालं.

मग त्रिविक्रम उठून कॉलेजच्या ऑफिसात गेला आणि दिल्लीच्या साहेबांना फोन लावला. अकराच्या ऐवजी साडेनऊला याल का? शुक्रवारी राहुकाळ साडेदहाला लागतो, हे सांगितलं नाही.

आता त्याला कसलाच धोका नको होता. तो कारखान्यात गेला. पट्ट्यांच्या घरघरीत एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलावं लागत होतं. मागच्या वेळी साहेबांना ह्या आवाजात धड ऐकू आलं नव्हतं, तर उद्या ते जाईपर्यंत लेथ बंद ठेवाल का, असं त्यानं विचारलं.

"सरी, ठेवतो बंद," अण्णा म्हणाले. "पण ते निघाले की लगेच चालू करणार. राहुकाळाआधी स्वल्प तरी काम उरकायला पाहिजे."

"आणि अण्णा, दारात येऊ नका."

"नाही येत, बाबा."

शुक्रवारी साडेनऊला खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. डोक्यावर बल्ब लख्ख जळत होता. दार मोकळं होतं. त्रिविक्रमनं स्विच भरले, फीत लावली, बटण दाबलं.

दिवे लुकलुकले आणि थिजले.

त्यानं परत भरलं. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. क्षमा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली. दहासुद्धा वाजले नव्हते.

साहेबांनी जाळी भिंगातून बघितली, काम फार सुंदर आहे म्हणाले, वाईट वाटतं म्हणाले. सोमवारी माणसं येऊन सगळं सोडवतील. ते अंगणात गेले आणि ड्रायव्हरनं गाडी वळवून आणायची वाट बघत उभे राहिले. क्षमानं चष्मा काढून पदरानं पुसला.

"चला आता," ती म्हणाली.

त्रिविक्रम हलला नाही. त्यानं पहिल्या स्विचपासून सगळं पुन्हा भरायला घेतलं, एकही न चुकवता. फीत लावली. बटणावर बोट ठेवलं.

कंपाउंडच्या भिंतीवरून मल्हारअण्णांचं डोकं वर आलं, त्यांनी गाडीत बसणारे साहेब बघितले, आत वळून हात हलवला. भिंतीपलीकडं सगळ्या लेथ एकदम घरघरल्या, डोक्यावरचा बल्ब पिवळा पडला, आणि टेलिप्रिंटर खडखडू लागला: एक, चार, नऊ, सोळा.